बूट चावला म्हणून बोललेला नवस

सांगतो, पण आधी तो कप खाली ठेवा, अंगावर सांडेल. असा गाढवपणा मी शाळेतल्या तीस वर्षांत एकाही पोराला करू दिला नव्हता. स्वतः मात्र केला!

नळदुर्गच्या डॉक्टरांनी माझा शुगरचा रिपोर्ट बघितला आणि हळूच चष्मा काढला. डॉक्टरनं चष्मा काढला की समजायचं, आपलं काही खरं नाही.

"गुरुजी, महिनाभर रोज चार किलोमीटर चाला. एकही खाडा नको. नाहीतर इन्सुलिनची सुई, रोज."

सुई! शाळेत लसीकरण असलं की पोरांना "घाबरता काय रे?" म्हणून रांगेत उभं करायचो. आणि मी कुठं असायचो? कपाटामागं, हजेरीपुस्तक शोधत!

आमचं घर अणदूरच्या बाहेर, वस्तीवर. तिथून खंडोबाचं देऊळ दोन किलोमीटर, परत यायला दोन. झाले चार! सोलापुरातून नवे बूट आणले. सेल होता. माझा नंबर संपला होता, म्हणून एक नंबर लहान घेतले. म्हटलं, सैल होतील.

पहिल्या दिवशी शंभर पावलं चाललो नसेन, तोच एक मोटारसायकल थांबली.

"गुरुजी, गाडी बिघडली व्हय? बसा मागं!"

"नको रे, सहज चालतोय."

"सहज? बाईसंगं भांडण झालं का?"

आता हे सगळे माझेच विद्यार्थी. रस्त्यानं गुरुजी चालतायत आणि आपण गाडीवरून पुढं जायचं, हे त्यांना कसं सहन होणार? तिघांना नाही म्हटलं. चौथ्याचं तोंड एवढंसं झालं, म्हणून बसलो. व्यायामाला निघालेला माणूस मोटारसायकलवरून घरी आला. तीन दिवस हेच!

चौथ्या दिवशी बुटांनी दोन्ही टाचा सोलल्या. बूट पिशवीत घातले आणि निघालो अनवाणी. आणि काय आश्चर्य! एकही गाडी थांबेना. उलट लोक लांबूनच हात जोडायला लागले.

रस्त्यात पंक्चर काढणारे रशीदभाई भेटले. माझ्या पायांकडं बघून त्यांनी आवाज खाली आणला. "गुरुजी, खंडोबाचा नवस हाय नं?"

बूट चावला, असं सांगायला काय जात होतं? पण लाज वाटली. मी गंभीर चेहरा करून मान डोलावली.

नवसाच्या माणसाला कुणी गाडीवर घेत नाही, हे खरं. पण त्याला तसंच पुढं तरी कोण जाऊ देतं?

"च्या पिल्याबगर सोडत नसतो. थोडं पुण्य आमालाबी लागू द्या की!" रशीदभाईंच्या चहात साखर अशी, की चमचा उभा राहावा. पुढं वाटेवरच्या घरातल्या गंगूबाई गुळाचा शिरा घेऊन उभ्या. देवळाजवळ केळी. नाही कसं म्हणायचं? एकदा सर्दी झाली म्हणून अंथरुणात पडलो, तर गंगूबाई दारात हजर! "गुरुजी, नवस मोडू नगा बाबा!" उठलो, नाक पुसलं, निघालो.

हे सगळं माझ्या बायकोच्या, सुमनच्या कानावर गेलंच. "अहो, कशाचा नवस बोललाय?"

काहीतरी सांगायचं म्हणून म्हटलं, "तुझ्या दुखऱ्या गुडघ्याचा."

तिचे डोळे भरून आले. मी मान खाली घालून टाचा बघत बसलो. फार वाईट वाटलं, पण खरं बोलायचं धाडस झालं नाही.

महिना संपला. दवाखाना पहिल्या मजल्यावर, सुमनही सोबत आली. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी चष्मा काढला. "शुगर वाढलीय! चाललात ना?"

"रोज!"

"मग खाल्लंत काय?"

चहा, शिरा, केळी, नवस, बूट... सगळं ओकलो. सुमन माझ्याकडं वळली. "म्हंजे माझ्या गुडघ्यासाठी न्हवता?"

त्या क्षणी वाटलं, डॉक्टर, द्या ती सुई, दोन द्या!

तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "पण बाई, मागच्या वेळी तुम्ही खालीच बसला होतात. आज जिना कसा चढलात?"

सुमन लाजली. "हे माझ्यासाठी अनवाणी चालत्यात, मग मला घरात बसवंना. मीबी यांच्या मागनं निघायची. आधी लिंबाच्या झाडापर्यंत, मग पुलापर्यंत. आता देवळापर्यंत जाती. दुखायचं लई कमी झालंय."

"यांच्या मागून? आणि यांना दिसला नाहीत?"

"हे शिरा खात असायचे की!"

डॉक्टर खुर्चीत मागं रेलून हसले. सुईला अजून महिनाभराची मुदत मिळाली, चहा-शिरा बंद या अटीवर. मी सुटलो म्हणून श्वास सोडला, तर सुमन म्हणाली, "नवस खोटा बोललासा, पण देव खरा निघाला. आता फेडायला लागंल."

म्हणून आता रोज सकाळी दोघं निघतो. एकही खाडा नाही. रशीदभाईंना तिनं आधीच दम भरलाय.

पुढं ती, माझे बूट घालून. तिला अगदी बरोबर बसतात. मागं मी, अनवाणी.