सापाला भरवणारी देवी

इंग्लंडात, वॉटफर्डला आमच्या शेजारी राहणारे डॉ. करमरकर, म्हणजे आमचे काका, घरी आलेल्याला चहाच्या आधी रोमन चांदीचं नाणं दाखवायचे. ते फक्त कडेनं धरायचं. मध्ये बोट लागलं की ओरडा ठरलेला. मग विचारायचे, "बघ, यात कोण घाबरलंय?" नाण्यावर गुबगुबीत सम्राट, मागे ऐटीत उभी देवी. मला घाबरलेलं कुणीच दिसायचं नाही.

"अगं, निशाणं धरून उभी आहे ना, ती सैन्याची निष्ठा. सैन्य फितूर व्हायला लागलं की हिला छापायचे. ज्याची धास्ती, त्याच्या उलट चित्र." आयुष्यभर इथल्या हॉस्पिटलांत लोकांना भूल दिलेला माणूस, भीती त्यांना लांबूनही कळायची.

गेल्या जुलैत त्यांच्याच पोटात गाठ निघाली. "कन्सेंट फॉर्मवर सही करताना दोनदा पेन खाली ठेवलं मी," ते मला म्हणाले. "थिएटरमध्ये काय काय चुकू शकतं ते सगळं माहितीये ना, तोच प्रॉब्लेम आहे." काकांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नागपंचमी होती. काकूंनी पाटावर नागाच्या चित्राऐवजी काकांचं एक नाणं मांडलं. एका आजारी सम्राटानं छापलेल्या त्या नाण्यावर रोमन आरोग्यदेवी वेदीवरच्या सापाला वाटीतून भरवत होती. काकूंनी तिला हळदकुंकू वाहिलं, वर दूध आणि लाह्या. आता काका घर डोक्यावर घेणार, म्हणून मी दाराकडे सरकले. ते नुसते बघत राहिले.

"अहो, ज्या राजानं हिला छापलं, तो बरा झाला ना?" काकूंनी विचारलं.

"हो तर. चांगला ठणठणीत झाला."

सकाळी मीच दोघांना हॉस्पिटलला सोडलं. काकू पार्किंगचं तिकीट काढायला उतरल्या, तेव्हा मी विचारलं, "काका, खरंच बरा झाला तो?"

"छे. वर्षभरात त्याच्याच माणसांनी मारला. काकूला कधी सांगू नकोस." मी कबूल केलं.

काका ऑपरेशननंतर शुद्धीवर न येताच गेले.

परवा काकू म्हणाल्या, "त्या राजाला पावली ना गं ती? मग माझ्याच पूजेत काय कमी पडलं?" खरं सांगावं तर काकांना दिलेला शब्द मोडतो, आणि गप्प राहावं तर ही बाई जन्मभर स्वतःलाच दोष देत राहणार. शेजारच्या दाराची बेल वाजवायची आता मला भीती वाटते.