हरण्यासाठी लढवलेली निवडणूक

आमच्या निवासी शाळेचे मुख्याध्यापक दिवाळीच्या तोंडावर निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची कुणालाही नको होती.

शाळा मुलींची, खोडाळ्याच्या पुढे, नागलीच्या शेतांना लागून. पट वर्षागणिक घसरत होता. आणखी घसरला तर दहावीचा वर्ग बंद होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तो बंद होईल तेव्हा खुर्चीत आपण नसावं, एवढीच शिक्षकांची इच्छा होती. मी त्या वर्षी दहावीत होते.

संस्थेच्या सचिवांनी फोनवर कळवलं, "नवा माणूस मिळेपर्यंत प्रभारी कोण, ते तुमच्यात ठरवा." तुमच्यात म्हणजे तिघांत. विज्ञानाच्या सरांना रक्तदाब होता. मराठीच्या बाईंचे गुडघे दुखत होते. गणिताच्या बाई जूनमध्येच जळगावकडून आल्या होत्या. त्यांच्याकडे सांगण्यासारखा आजारही नव्हता. आठवडाभर तिघं एकमेकांना "तुम्हीच घ्या" म्हणत राहिले. शेवटी मावळते सर वैतागले.

"आपलं शालेय मंत्रिमंडळ पोरी मत टाकून निवडतात ना? मग प्रभारीही त्याच निवडतील."

मला निवडणूक अधिकारी नेमलं. भाताचं मोठं पातेलं धुऊन मतपेटी केली. पाणीमंत्री आणि आरोग्यमंत्री त्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

आधी प्रचारसभा झाली, प्रार्थनेच्या ओट्यावर. तिन्ही उमेदवार पडायला उभे होते.

विज्ञानाचे सर म्हणाले, "मला निवडलंत तर पहाटे पाचला कवायत. थंडीतसुद्धा. आणि मला राग सोसत नाही. चिडलो की चक्कर येऊन पडतो."

"पडून दाखवा ना, सर!" पाचवीतल्या मुली ओरडल्या.

मराठीच्या बाईंनी टीव्ही बंद, रोज शुद्धलेखन आणि आठवड्यातून तीनदा कारलं जाहीर केलं. कारल्याला मोठी हाय हाय झाली. बाई समाधानाने खाली बसल्या.

गणिताच्या बाई शेवटी उठल्या. त्या घाबरलेल्या दिसत होत्या. कवायत आणि कारलं वापरून झालं होतं. त्यांनी पदर खोचला, आवाज चढवला.

"मला निवडलंत तर दिवाळीला एकीलाही घरी सोडणार नाही! वसतिगृहाला कुलूप नाही. फराळ इथे, अभ्यास इथे, भाऊबीजसुद्धा इथेच. रडलात तरी सोडणार नाही!"

ओट्यासमोर सगळं गप्प झालं. बाईंना वाटलं, बाण बरोबर लागला. बाण लागलाच होता.

मावळते सर दर वर्षी दिवाळीला कुलूप लावून गावी जात. मोठ्या मुली विनवायच्या, "आम्ही राहू का, सर?" सर मायेने म्हणायचे, "वेड्या का तुम्ही, सणाला घरी नको?" घरी गेलं की चार दिवसांत घरच निघायचं, वसईला नाहीतर भिवंडीला, पावसाळ्यापर्यंत वीटभट्टीवर. मुलगी बरोबर जायची. भट्टीवर स्वयंपाक कोण करणार, धाकटं भावंड कोण बघणार? पट घसरायचा तो असा. त्या वर्षी माझ्या चटईशेजारी झोपणाऱ्या मैत्रिणीची पाळी होती. तिच्या आईला नुकतंच बाळ झालं होतं आणि बापाने निरोप धाडला होता, दिवाळीला येतो न्यायला. दहावीचा फॉर्म तिने भरला होता. गेली असती तर परीक्षा गेली असती.

तीच उभी राहिली. "बाई, नक्की ना?"

"नक्की!"

"शपथ घ्या."

"शपथ! गणिताच्या पुस्तकाची शपथ!"

मग जो गलका झाला, त्यात कावळे उडाले, पाणीमंत्री पातेल्यावर आपटली आणि झाकण ओट्यावरून खडखडत खाली गेलं. मुली एकमेकींना धरून उड्या मारत होत्या. बाई मराठीच्या बाईंच्या कानाशी लागल्या, "किती चिडल्यात! सुटले मी."

मतमोजणीला वेळ लागला नाही. मराठीच्या बाईंना एकही मत नव्हतं. विज्ञानाच्या सरांना थोडी मिळाली, सगळी पाचवीची. त्यांना सर पडताना बघायचे होते. उरलेलं पातेलं गणिताच्या बाईंचं.

"अगं पण का?" बाईंनी मला विचारलं. "माझं जळगावचं तिकीट काढलेलं आहे!"

उत्तर मैत्रिणीने दिलं. "आम्ही घरी जातो ना बाई, मग घर भट्टीवर जातं."

बाई ओट्यावरच बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी सासूबाईंना फोन लावला. आम्हाला एकच बाजू ऐकू आली. "हो आई. नाही आई. शपथ घेतली मी, आई. निवडून आले."

सासूबाई धनत्रयोदशीला जळगावहून जव्हारमार्गे एसटीने आल्या, सोऱ्या घेऊन. उतरल्या उतरल्या म्हणाल्या, "कुठे आहेत माझ्या सुनेला निवडून देणाऱ्या?" दुपारी अंगणात चुलीवर कढई चढली. चकल्या मोडत होत्या, मुली मोडक्या चकल्यांसाठी मुद्दाम धक्के मारत होत्या.

त्या गोंधळात मैत्रिणीचा बाप फाटकातून आत आला.

"पोरीला न्याया आलोय, बाय. परवा भट्टीवर जायाचा हाय."

बाई पिठाच्या हातांनी पुढे गेल्या. "नाही सोडता येणार. मी निवडणुकीत शब्द दिलाय."

"कसली निवडणूक?"

"हेडमास्तरची."

"मास्तरणीची?" त्याने आमच्याकडे पाहिलं. "आन मतां कोनी टाकलीं?"

"आम्ही!" सगळ्या ओरडल्या.

तो हसला, पण जागचा हलला नाही. "तिची आय बाळतीन हाय. भाकऱ्या कोन भाजंल?"

सासूबाईंनी त्याला बसायला गोणपाट टाकलं आणि सोऱ्या हातात दिला. "दाबा जरा. या पोरींच्यात जोर नाही."

त्याने दाबला. विटा घडवणारे हात ते. चकली अखंड उतरली. पाचवीच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्याने दुसरी उतरवली, तिसरी. मग हात न थांबवता मुलीला विचारलं,

"तू कोनाला टाकलास मत?"

मतदान गुप्त असतं, असं मी निवडणूक अधिकारी म्हणून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. मैत्रिणीने बाईंकडे बोट दाखवलं.

त्याने आणखी एक चकली कढईत सोडली.

"बाळाला माजी बहीण बगंल," तो म्हणाला. "तिला इचारतो. नाय बोलली तरी नेतो तिला." सोऱ्या खाली ठेवून त्याने हात पुसले. "तू ऱ्हा."

त्यानंतर अंगणात काय झालं, ते मला नीट सांगता येत नाही, कारण मी त्यातच होते. शेवटची चकली कढईत काळी झाली, एवढं आठवतं.