गायरानातून गेलेली निळी रेघ

ऑफिसातलं मशीन बिघडलं की तुम्ही आधी कुणावर ओरडता? खरं सांगा. मी पत्रकांवर वाढले. आमच्या घरी पाहुण्याच्या हातात पाण्याच्या आधी पत्रक पडायचं, आणि मी अक्षरं जुळवायला शिकले ती ‘जाहीर निषेध’ या दोन शब्दांवर. त्यामुळे ओरडण्याचं बळ माझ्यात उपजतच होतं.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. हिंगोलीत आमच्या छोट्या संघटनेचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. मेंढरं पाळणाऱ्या कुटुंबांची चराईची जमीन टिकावी म्हणून आम्ही काम करायचो. एका हितचिंतकानं तिथं जुना रंगीत लेझर प्रिंटर आणून दिला. दोघांनी उचलायचं धूड, सुरू होताना म्हातारबुवासारखं खाकरायचं. माझा त्याच्यावर फार जीव. माझ्याखेरीज ऑफिसात रोज असायच्या त्या मावशी. झाडलोट, चहा आणि आलेल्या प्रत्येकाची चौकशी, सगळं त्यांच्याकडे.

दसरा होऊन चार दिवस झाले होते. आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडच्या एका गावात दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामसभा होती. गावचं गायरान चराईसाठीच राहावं, असा ठराव मांडायचा होता. त्या गायरानातून कालवा काढणार अशी कुजबुज सुरू झाली होती, म्हणून आम्ही नकाशाच छापायला घेतला. गायरान हिरवं, शेतं पिवळी, ओढा निळा. वाचता न येणाऱ्यालाही कळावं. नकाशे न्यायला त्या गावचे एक बाबा आले होते. खांद्यावर घोंगडी, सगळी हयात मेंढरांमागं गेलेली. परतीची शेवटची जीप सहाला होती.

मी पहिलं पान काढून कौतुकानं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडाला धरलं, बराच वेळ पाहिलं आणि खाली ठेवलं.

“कालवा काढला का मग?”

“कुठं, बाबा?”

“ह्यो काय. आमच्या गायरानाच्या मधून.”

हिरव्या पट्ट्याच्या बरोबर मधून एक निळी रेघ वरून खाली सरळ गेली होती. मी म्हटलं, छपाईची चूक आहे, तिकडं लक्ष देऊ नका. आवाजही जरा चढला असेल.

बाबा शांतपणे म्हणाले, “मी देत न्हाई लक्ष. पन उद्या कोनी म्हनलं, तुमच्याच कागदावर कालवा हाय, तर काय सांगू? मशीन खाकरत होतं म्हनून सांगू? ह्यो कागद मी नेत न्हाई.”

चार वाजले होते. मी प्रिंटर उघडला, निळ्या रंगाचं टोनर काढून हलवलं, परत बसवलं. रेघ तशीच. मशीनच्या मेनूतून सफाईचा हुकूम दिला. त्यानं घूं घूं केलं आणि तीच रेघ पुन्हा काढली. मावशींनी चहा आणला आणि तिथंच उभ्या राहिल्या.

बाबांनी बशी खाली ठेवली. “एक इचारू का? वर हिरव्यात कालवा निळा हाय. खाली पिवळ्या शेतात शिरला की पांढरा व्हतोय. असं कसं पानी?”

मी पानाकडं नव्यानं पाहिलं. हिरवा रंग निळा आणि पिवळा मिळून होतो. त्या रेघेवर पिवळा पडतच नव्हता. हिरव्यातून पिवळा गेला की निळा उरतो, नुसत्या पिवळ्यातून गेला की कोरा कागद. मी तासभर बिचाऱ्या निळ्याला छळत होते.

पिवळं टोनर नवं घातलं. रेघ हटली नाही. मग नांदेडच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

“रेघ दर पानावर त्याच जागी आहे?” त्यानं विचारलं.

“हो.”

“मग लेझरच्या उजेडाच्या वाटेत काहीतरी आहे. ठरावीक अंतरानं ठिपके पडले असते तर आतला फिरता ड्रम बिघडलाय म्हटलं असतं. मशीन बंद करा. आत चार रंगांच्या चार काचा असतात, त्यातली पिवळ्याची कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. पाणी लावू नका.”

टॉर्च मारून पाहिलं. काचेच्या अरुंद पट्टीवर कुंकवाचं बोट होतं. वाळलेलं, कडेला हळदीचा कण.

“मावशी?”

“व्हय, म्याच लावलं. दसऱ्याला.”

“आत काहून?”

“विळ्याला पात्यावरच लावतेत ना? मुठीला कोन लावतंय? ह्याचं काम आत चालतंय. तू रोज उघडतीस, म्हनून कळलं कुठून उघडतंय ते. चारी काचांना लावनार व्हते, पन हात एकीलाच पोचला.”

यंत्रपूजेविरुद्ध माझ्याकडं दोन पानांचा मजकूर तोंडपाठ होता. दसऱ्याला तोच ऐकवून मी घरी निघून गेले होते. आता पुन्हा तोंड उघडलं, तोवर बाबा म्हणाले, “भाषन उद्या ग्रामसभेत कर, पोरी. सहाची जीप हाय.”

मावशींनी धुतलेल्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणला. मला बाजूला सारून त्यांनीच काच पुसली, कंदिलाची पुसतात तशी, बोटाचं टोक फडक्यात गुंडाळून, एकाच दिशेनं. एवढ्या हलक्या हातानं मी त्या मशीनला कधी शिवले नव्हते.

पुढचं पान आलं. बाबांनी हिरव्यावरून सावकाश बोट फिरवलं, ओढ्यापाशी थांबले, मग बांधाबांधानं वर आले. “आता बराबर हाय,” ते म्हणाले, आणि मी उरलेला गठ्ठा छापायला सोडला. गठ्ठा घोंगडीत बांधून ते जीपकडं गेले. मावशी रिकामे कप गोळा करत म्हणाल्या, “त्या बाबानं न्हाई म्हनलं नसतं तर तू तसलेच वाटले असतेस.” वाटले असते. सभेत कुणीतरी त्या रेघेवर बोट ठेवलं असतं, आणि माझ्या हातचा कागद त्यांच्या मेंढरांच्या आड आला असता.

सकाळी ठराव झाला. गायरान चराईलाच राहिलं.

तुम्ही कुणाच्या जमिनीचा, पाण्याचा, रस्त्याचा कागद छापत असाल, तर एक करा. गठ्ठा काढण्याआधी पहिलं पान त्या जमिनीवर रोज चालणाऱ्या माणसाच्या हातात द्या. त्याला बसायला खुर्ची द्या, घाई करू नका, आणि तो नको म्हणाला तर छपाई थांबवा.