कॅमेऱ्यातला लाल पडदा

हे आजवर कोणाले सांगतलं नाही. बायकोलेही नाही. तुम्हाले सांगून राहिलो, कारण आज नाही सांगतलं तर मी पुन्हा टाळीन — स्वतःले मी चांगला ओळखतो.

अकोल्यात, जठारपेठेत माझं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान आहे. मोबाइल आले तशी गिऱ्हाइकं गेली. राहिले ते जुन्या कॅमेऱ्यांचे शौकीन. मी खरा म्हटला तो कॅमेरा खरा, नकली म्हटला तो नकली. डोक्यात हवा गेली होती, दुसरं काय!

सहा-सात वर्षं झाली. दर्यापूरचे तायडे सर, रिटायर मास्तर, एक जर्मन कॅमेरा घेऊन आले. त्यायचे वडील दुसऱ्या महायुद्धात शिपाई होते, इटलीत. तिथं एका जर्मन कैद्यानं सिगारेटींच्या बदल्यात हा दिला, असं ते जन्मभर सांगत. आतला पडदा लाल आहे, लढाईत कारखान्यातलं काळं कापड संपलं म्हणून — हेही सांगत. गाव हसे. याच्या हाती जर्मन कॅमेरा? चोरला असंन! सरले एवढंच पाहिजे होतं, की कोणी जाणकारानं म्हणावं, बाप खरं बोलत होता.

मी कॅमेरा उघडला. फिल्मपुढं सरकतो तो पडदा खरंच लाल होता, अन् फाटलेला. मी हसलो. ही कंपनी काळाच पडदा लावते, म्हटलं. माल डुप्लिकेट आहे सर, वडिलांले कोणीतरी उल्लू बनवलं. चार लोकांदेखत म्हटलं. अन् लाल पडदा काढून नवा काळा बसवून दिला. सरनं पैसे दिले अन् कॅमेरा घेऊन गेले.

पुढच्या वर्षी अमरावतीले शौकिनांची बैठक होती. तिथं एकानं लढाईच्या काळातला तसाच कॅमेरा उघडून दाखवला. पडदा लाल! काळं कापड मिळेना तेव्हा त्या कारखान्यानं काही कॅमेऱ्यांले लालच बसवलं होतं. मी बैठक अर्धी सोडून घरी आलो.

इथपर्यंत चूक होती. चूक कोणाची होत नाही? पण पुढचं ऐका.

काही महिन्यांनी सर पुन्हा दुकानात आले. "भाऊ, नातीनं मोबाइलवर वाचलं. लढाईतल्या कॅमेऱ्याले लाल पडदा असते म्हणते. मंग माह्या बापाचं खरं होतं का?"

मले सगळं माहीत होतं. तरी मी म्हटलं — मोबाइलवर काहीही लिहितात, सर. नाही.

काहून म्हटलं? खरं सांगतलं असतं, तर तुमच्या बापाचा पुरावा मीच उपटून काढला, हेही सांगावं लागलं असतं. इज्जत गेली असती. कोणती हो इज्जत?

"मंग कॅमेरा बापाच्या फोटोजवळून उचलून ठेवतो," सर म्हणाले. "खोटी चीज तिथं काहून ठेवा?"

तो लाल तुकडा मी फेकला नव्हता. इतकी वर्षं स्क्रूंच्या डबीत होता. आता शर्टाच्या खिशात आहे. उद्या सकाळच्या बसनं दर्यापूरले जातो. माफी मागाले नाही. तुकडा सरच्या हातात द्याचा, अन् त्यायच्या नातीसमोर सांगाचं की तिचा पणजोबा खरं बोलत होता. खोटं मी बोललो, माहीत असून बोललो.