सात नंबरची होडी

राजाराम केळुसकरांनी एकतीस वर्षांत सहा साहेबांना शर्यत जिंकून दिली. स्वतः एकदाही होडीत बसले नाहीत. केंद्र सरकारच्या एका खात्याचं लखनौचं ऑफिस, शहराबाहेरच्या तलावावर त्या खात्याचा शिडाच्या होड्यांचा क्लब, आणि दर मार्चमध्ये शर्यत. साहेब पाण्यात, बाकीचे काठावर. असा काही लेखी नियम नव्हता, पण लेखी नसलेला नियम मोडायला जास्त छाती लागते.

राजाराम मूळ वेंगुर्ल्याचे, वडिलांचा मासेमारीचा मचवा होता. त्यामुळे होडी साहेबाच्या हाताला बसवून द्यायचं काम आपसूक त्यांच्याकडे आलं. होडी वाऱ्यात कलली की तिचं नाक वाऱ्याकडे वळू पाहतं. मग सुकाणूचा दांडा ओढून धरावा लागतो, आणि आडवं धरलेलं सुकाणू ब्रेकसारखं लागतं. यावर उपाय डोलकाठीत. माणूस वजनदार असेल तर तो होडीच्या काठावर बसून तिला सरळ ठेवतो, त्याला डोलकाठी जरा मागे झुकलेली चालते. माणूस हलका असेल तर ती पुढे घ्यावी लागते. राजाराम प्रत्येक साहेबाचं वजन विचारून वहीत लिहीत, त्या मापाने डोलकाठीच्या तारा ताणत आणि तारांवर लाल रंगाची खूण करत. साहेबाने दांडा दोन बोटांत धरला की काठावरून म्हणत, "जमलं."

पत्नी शुभदाताई चिडत. "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या! त्या फळीवर एकदा तरी तुमचं नाव आलंय का?"

क्लबच्या भिंतीवर विजेत्यांची सागवानी फळी होती. त्या फळीवर आपलं नाव यावं असं राजारामांना फार वाटे. इतकं, की फळी पुसायला आलेल्या माणसाला बाजूला करून ते स्वतः पुसत.

रिटायर व्हायला दोन महिने उरले तेव्हा ते सक्सेना साहेबांच्या केबिनमध्ये गेले. पाठ केलेली चार वाक्यं होती, त्यातलं एकच निघालं. "सर, जाने से पहले एक रेस करनी थी."

"अरे केलुस्कर जी, पहले क्यों नहीं कहा? मेरी सात नंबर आप ले जाइए. मैं तीन नंबर से काम चला लूँगा."

इतकं सोपं होतं. एकतीस वर्षं गिळलेली गोष्ट अर्ध्या मिनिटात मिळाली, आणि राजारामांना आनंदाआधी स्वतःचा रागच आला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी ते दुपारभर तलावावर होते. तीन नंबर साहेबांना नवी, म्हणून आधी ती घेतली. वही काढली. सक्सेना साहेब, पंचाण्णव. डोलकाठी मागे झुकवली, तारा दोनदा सोडून पुन्हा ताणल्या, शीड चढवून पाहिलं. चार तास गेले. मग सात नंबरकडे गेले, लाल खुणा जागेवर आहेत एवढं पाहिलं, प्रेमाने थोपटलं आणि महानगर मोहल्ल्यातल्या घरी आले.

सकाळी वारा मंद होता. आठ होड्यांत राजाराम पहिले. काठावर शुभदाताई उभ्या, शेजारी मुलगा निनाद मोबाइलवर व्हिडिओ काढतोय. "पापा तो कमाल कर रहे हैं, आई!"

दुसऱ्या फेरीत पछुआ सुटला, मार्चचा तो कोरडा पश्चिमेचा वारा. होडी कलली. राजाराम होडीच्या काठावर बसून पार मागे रेलले, तरी कललेलीच. नाक वाऱ्याकडे ओढू लागलं. दोन्ही हातांनी दांडा छातीशी धरला, खांदा भरून आला, आणि होडी जागच्या जागी अडखळू लागली. शीड ढिलं सोडलं तर वेग गेला.

काय चुकलंय हे त्यांना तिथेच कळलं. या होडीला साहेबांसारखा पंचाण्णव किलोचा माणूस हवा होता, ते त्याहून कितीतरी हलके. एकतीस वर्षं वजनं मांडणाऱ्या माणसाला आपलंही वजन असतं हे सुचलं नव्हतं. काल चार तास होते. बोटभर तार ताणली असती की काम झालं असतं.

बाजूने तीन नंबर गेली, दांडा दोन बोटांत.

राजाराम सहावे आले. सक्सेना साहेब पहिले. हार गळ्यात घालून त्यांनी राजारामांच्या खांद्यावर हात ठेवला, नेमका त्याच भरून आलेल्या. "बोट आपने लाजवाब सेट की है. चलाना, ख़ैर, अलग हुनर है." लोक हसले. राजारामही हसले, आणि त्या हसण्याची शरम त्यांना घरापर्यंत पुरली.

घरी शुभदाताईंनी वही चाळली. सहा साहेब, सहा आकडे. "यात तुम्ही कुठे आहात?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी निनादचा वजनकाटा पलंगाखालून ओढून समोर ठेवला. "उभे राहा."

राजाराम उभे राहिले. काट्यावरचे आकडे हलत होते, तेवढ्यात फोन वाजला. साहेबांचा.

"केलुस्कर जी, अगले महीने भोपाल में कॉम्पिटिशन है. रिटायर हो जाएँगे, फिर भी आ जाइएगा, तीन नंबर आप ही सेट करेंगे."

शुभदाताई मान हलवून नको नको म्हणत होत्या. राजाराम काट्यावरून खाली उतरले.

"जी सर," ते म्हणाले. "आजकल वेट कितना है सर?"

आणि वही मागून घेऊन त्यांनी लिहिलं, सक्सेना साहेब, ब्याण्णव.