तीनशे तासांचं इंजिन

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि तिला तर माझ्या पोटातलं बहुतेक सगळं न सांगताच कळतं. तुम्हाला का सांगतोय, ते नीट ठाऊक नाही. पण आधी माझी थोडी बढाई ऐकून घ्या — तिच्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

बोरगाव मेघेत माझं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. जुना ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की लोक आधी मला बोलावतात. इंजिनाचं वय वर्षांत नाही, तासांत धरतात — किती तास चाललं? मीटर काय, कोणीही मागे फिरवतो. मी क्लच पेडलचं रबर बघतो, ट्रॉली जोडायच्या मागच्या हूकचं भोक किती फाकलंय ते बोटाने चाचपतो, मग इंजिन सुरू करतो आणि डोळे मिटून ऐकतो. तीन हजार म्हटलं की तीन हजार. शंभर-दोनशे इकडेतिकडे, बस. असा कान जिल्ह्यात दुसरा असेल तर दाखवा.

म्हणून केळझरकडच्या एका धरणावर मासे धरणाऱ्या लोकांनी जुनी मोटारबोट घ्यायची ठरवली, तेव्हा बोलावणं मलाच आलं. बोट कोकणातून आलेली, मीटर बंद. ती चालवणार होता गजानन — पस्तिशीचा, सगळा जन्म वल्हं मारण्यात गेलेला. त्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. बोटीच्या मागे टांगायचं ते इंजिन काढून काठावरच, पाण्याच्या ड्रममध्ये सोडून सुरू केलं. मी ऐकलं आणि तीनशे तास म्हणून सांगितलं. सगळे खूश.

गजानन तेवढा अडला. "काका, एक चक्कर पान्यात मारू ना. जोर लावल्याबिगर कसं समजन?"

"मले कान हाय," मी म्हटलं. "चक्कर कायले पायजे?"

लोक हसले. तो खाली मान घालून ड्रममधलं पाणी ओतायला लागला.

आता खरं सांगू? मला पाण्याची भीती वाटते. लहानपणापासून. गुडघ्याच्या वर पाणी आलं की मी मागे फिरतो. गजाननला एकट्याला पाठवता आलं असतं — पण मग तुम्हीही बसा म्हणाले असते. इतक्या माणसांसमोर मिस्त्रीने बोटीची कड धरून थरथरायचं? माझ्याने ते झालं नसतं.

दीड महिना गजाननने बोट अगदी हळू चालवली, नवी नवरी घरात आल्यासारखी. मग एका दुपारी वारा सुटला. बोटीत सात माणसं. त्याने पहिल्यांदा पूर्ण जोर दिला, आणि भर धरणात इंजिन जाम झालं. हाताने पाणी मारत कसेबसे काठाला लागले.

इंजिन माझ्याकडे आलं. उघडलं — आणि मी खालीच बसलो. बोटीचं इंजिन बाहेरचंच पाणी आत ओढून थंड होतं. हे चाललं होतं समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर, आणि मग वर्षानुवर्षं नुसतं पडून होतं. आतल्या पाण्याच्या वाटा मिठाने बुजल्या होत्या. ड्रममध्ये हळू चालताना ते कळत नाही, जोर दिला की तापतं. कमी चाललेलं म्हणजे चांगलं — ट्रॅक्टरने मला एवढंच शिकवलं होतं. पण गजानन म्हणाला तशी दहा मिनिटांची चक्कर मारली असती, तर तिथेच समजलं असतं की नाही?

बोटीसोबत आलेल्या हत्यारांच्या पेटीत जुन्या मालकाची वही सापडली. तीनशे बारा तास. तुम्हाला पटणार नाही — त्या क्षणी मला आधी आनंद झाला. छाती फुगली. आणि त्याच फुगलेल्या छातीने मी मिठाच्या खपल्या खरवडून काढल्या, घमेल्यात भरल्या, गॅरेजमागच्या नालीत ओतल्या. मग लोकांना वही दाखवली. तास बरोबर होते, चालवणाऱ्यानेच ताणलं, असं म्हणालो. माझ्या शब्दावर कोण शंका घेणार?

गजाननच्या हातून बोट काढून घेतली. वर पुन्हा वल्हं मारायलाही कोणी त्याच्यासोबत बसेना. सात जणांचा जीव घालवला असता म्हणाले. त्याने धरण सोडलं. आता तो सावंगीला ऑटो चालवतो, कॉलेजची पोरं नेतो-आणतो. ऑटो दुरुस्तीला माझ्याकडेच आणतो. दुसऱ्या कोणावर त्याचा भरवसा नाही.

गेल्या महिन्यात मी ऑटोच्या इंजिनाशी वाकलेलो असताना तो मागून म्हणाला, "काका, त्या दिवशी म्या जास्तच जोर देल्ला ना? अजूनबी लोकं बसले का जोर द्याले हात उचलत नाई माया."

मी आवळलेलाच नट पुन्हा आवळला. सांगता आलं असतं. आम्ही दोघंच होतो.

"होते असं," मी म्हटलं.

मग त्याला इंजिन सुरू करायला सांगितलं आणि सवयीने डोळे मिटून ऐकलं. जोर कधी दिलेलाच नाही, फार भीत भीत चालवलेलं इंजिन आहे. माझा कान अजून चुकत नाही.