ट्रम्पेटवर भास्कर अवघडे

भास्कर अवघड्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कपाटात तोंड घालून उभे होते. दुबईत, अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये रोज भर दुपारी भिंतीपलीकडून एक दबका आवाज यायचा, कुणीतरी उशीत तोंड खुपसून ओरडत असल्यासारखा. मी ज्या काकूंकडे पेइंग गेस्ट होते, त्या एक दिवस वैतागल्या. "अगं, तो शेजारचा बॉस्को अंकल. गोव्याचा आहे. जाऊन सांग जरा, अर्णवच्या एक्झाम्स आहेत." अर्णव मान वर न करता म्हणाला, "इट्स ओके, मॉम. ही इज ॲक्च्युअली गुड."

मी गेले. फ्लॅटचे प्लायवूड ठोकून चार भाग केलेले, त्यातली एक खोली त्यांची. कपाटाची दोन्ही दारं सताड उघडी, आत रजया आणि कोट टांगलेले आणि त्या कपड्यांच्या गर्दीत ट्रम्पेटचं तोंड. मी हिंदीत सुरुवात केली, "अंकल, वो बच्चे की एक्झाम..." साठीचे, काळेसावळे गृहस्थ वळले. "मराठीत बोल की. लई येतोय का आवाज भाहेर? थांब, अजून एक रजई टाकतो."

ते कराडचे. घरचा धंदा लग्नातल्या बँडचा. आजोबा वाजवायचे, वडील वाजवायचे, आणि ज्यांच्या दारात वाजवायचे त्यांच्या पंगतीत मात्र त्यांना पान नसायचं. तिथून पळून ते मुंबईला गेले, एका म्हाताऱ्या गोवेकर वादकाची भांडी घासत जॅझ शिकले, आणि मुंबईतल्या हॉटेलांनी वाद्यवृंद बंद केले तेव्हा दुबईला आले. पहिल्याच मॅनेजरने नाव बदललं. जॅझ वाजवणारा भास्कर कुणाला पटणार? गोव्याचा बॉस्को पटतो. तीस एक वर्षं हा माणूस खाडीकाठच्या हॉटेलांत बॉस्को म्हणून उभा राहिला. आपल्या लोकांनी त्याच्याशी हिंदीत बोलून बर्थडेची गाणी वाजवून घेतली. तू कुठला, असं कुणीही विचारलं नाही.

मी पुण्यात कंत्राटी सफाई कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. आता इथे एका शिपिंग कंपनीत कागद पुढे सरकवते. एकदा मी त्यांना म्हटलं, "काका, जॅझ म्हणजे नक्की काय, मला कळत नाही." ते म्हणाले, "सोपं हाय. वरात चाललीय, आन नवरदेव रस्ता चुकलाय. गल्लीगल्लीतनं त्याला हुडकत फिरायचं, पर ताल सोडायचा न्हाई. घावला तर घावला." ट्रम्पेट फुंकणाऱ्या ओठांबद्दल विचारलं तर म्हणायचे, "ओठ म्हंजे भाड्याची खोली. मालक कधी खाली करायला सांगंल, नेम न्हाई."

सुट्टीच्या दिवशी आम्ही कधी खोर फक्कानच्या किनाऱ्यावर जायचो, कारण तिथे समुद्राकडे तोंड करून वाजवलं तर कुणी हटकत नसे. मोकळ्या हवेत त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला राग आला. हा आवाज रजईत कोंबायचा? शेजारी रत्नागिरीचं एक कुटुंब बिर्याणीचं पातेलं उघडून बसलं होतं. त्यातल्या बाई म्हणाल्या, "अवो चाचा, आमच्या निकाहात असलंच वाजवलं होतं. तुम्ही गोव्याचे काय?" "न्हाई, कराडचा." "या अल्ला, मग तर घरचेच. बसा, जेवा आधी." काकांनी त्यांना लग्नातली चार गाणी वाजवून दाखवली आणि मग स्वतःची एक चाल वाजवली. डोंगरातला रस्ता उतरत समुद्रापर्यंत यावा, तशी ती उतरत जायची. शेवटच्या चढापाशी ते थांबायचे, छाती भरून श्वास घ्यायचे, तो श्वाससुद्धा ऐकू यायचा, आणि मग तो वरचा सूर.

जेवताना बाईंनी विचारलं, "चाचा, आता काय इच्छा राहिली?" काका हसले नाहीत. "आमच्या जॅझमधी एक रीत हाय. एकट्यानं वाजवून झालं की बँडचा म्होरक्या माईकवर त्याचं नाव पुकारतो. लोक टाळ्या देतात. ट्रम्पेटवर भास्कर अवघडे. एवढं एकदा ऐकायचंय. बॉस्कोला लई टाळ्या पडल्या. त्या मला पोचल्या न्हाईत."

काका तेव्हा वाजवत त्या हॉटेलातला बँड पाच जणांचा होता. तो तिघांचा झाला, मग काका आणि एक कीबोर्डवाला एवढेच उरले. एक दिवस मॅनेजरने बोलावून सांगितलं की हॉटेलच्या संग्रहासाठी त्यांचं रेकॉर्डिंग करायचं आहे. काका उडालेच. स्टुडिओतून आले ते थेट आमच्या दारात. "पोरी, आयुष्यात पयल्यांदा कुणी मला म्हणालं, परत वाजवा! माझी चाल पण घेतली. मी सांगितलं, नाव घाला माझं, खरं. तर म्हणाला, शुअर, शुअर." मी विचारलं, कागदावर काय सही केलीत? "इंग्रजीत होतं," ते म्हणाले. "त्यानं बोट ठेवलं तिथं केली."

लॉबीचं नूतनीकरण झालं आणि काकांना सांगण्यात आलं की नव्या लॉबीत त्यांचा 'लूक' बसत नाही. व्हिसा रद्द. खलास. तीस वर्षांचा निरोप पाच मिनिटांत उरकला.

मी इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या एका पदाधिकाऱ्यांकडे गेले. गणपतीला लाखोंची आरास करणारी माणसं आहेत, निदान जाण्याआधी एक संध्याकाळ द्या म्हटलं, या माणसाच्या नावानं. ते म्हणाले, "अगं, बॉस्को ना? ख्रिश्चन लोकांची असोसिएशन आहे, तिकडे विचार." मी म्हटलं, त्यांचं नाव भास्कर अवघडे आहे. कराडचे आहेत, बँडवाल्यांच्या घरातले. जरा शांतता पसरली. आडनाव तोलायला लागते तेवढीच. मग, "हो का... बघू, नेक्स्ट इयर. इन्शाल्ला." पंगतीत पान न देण्याची ही दुबईतली पद्धत. एसीमध्ये बसून, गोड बोलून.

चार दिवसांनी काका म्हणाले, "चल, लॉबीत कॉफी पिऊ. निरोप घेतो." कॉफी पंचेचाळीस दिरहम, म्हणजे हजाराच्या वर रुपये. आम्ही बसलो आणि ट्रम्पेट सुरू झाला. काकांचा ट्रम्पेट. मंचावर सिल्कच्या सुटातला एक उंच, देखणा तरुण काकांच्या चालीवर डोलत होता. ओठ ट्रम्पेटला लावलेले, आवाज स्पीकरमधून. संग्रह म्हणजे हा होता. सोलो संपला, कीबोर्डवाला खाली बघत म्हणाला, "ऑन ट्रम्पेट, तिमूर!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या.

मी उठायला लागले. सगळ्या लॉबीला ओरडून सांगणार होते. काकांनी मनगट धरलं. "बस. व्हिसा माझा गेलाय. तुझा नगं जायला."

मग ते स्वतः मंचामागे गेले. मी पाठोपाठ. तो तरुण उझबेकिस्तानचा, कपड्यांच्या जाहिरातींत उभा राहणारा. काका त्याला म्हणाले, "हॅलो. आय ॲम द साउंड." तो पोरगा पांढराफटक पडला. "सॉरी, सर. दे टोल्ड मी, ओल्ड मॅन इज डेड." काका मोठ्याने हसले, त्याच्या हातातलं वाद्य नीट धरून दिलं आणि म्हणाले, "युवर फिंगर्स आर राँग, हबीबी. टुमॉरो, माय रूम."

जाईपर्यंतच्या दिवसांत काकांनी त्याला सगळं शिकवलं. कुठल्या सुराला कुठली कळ दाबायची, मान कधी कलवायची. मी भडकले होते. "काका, तुम्ही चोराला घराची किल्ली देताय!"

"चोर त्यो न्हाई. त्यालाबी कुणीतरी हुभं केलंय. पर सूर माझा हाय. माझ्या सुरावर चुकीची बोटं मला बघवत न्हाईत. जाणकार माणूस आला तर काय म्हणंल? अवघड्याला वाजवता येत नव्हतं?"

"पण अवघडे कुणाला माहीत आहे तिथे?"

ते तिमूरकडे वळून म्हणाले, "अगेन. ब्रीद हिअर. बिग ब्रीद."

काका कराडला गेले आणि वर्ष पुरं व्हायच्या आत गेले. हृदय बंद पडलं. त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं की शेवटी वरातीच्या बँडमध्ये बसायचे, पण डीजेच्या भिंतीपुढे कुणाला ऐकू जायचं नाही. कुठल्या पेपरात ओळ आली नाही. मंडळाच्या ग्रुपवर मी बातमी टाकली तेव्हा हात जोडलेली सात-आठ चित्रं आली आणि त्याखाली कुणीतरी विचारलं, हे कोण?

मी त्यानंतर हॉटेलला पत्र लिहिलं. उत्तर आलं, सर्व हक्क हॉटेलकडे आहेत. तिमूरला गाठून म्हटलं, एकदा, फक्त एकदा माईकवर त्यांचं नाव घे. त्याचे डोळे भरले. "सिस्टर, दे विल कॅन्सल माय व्हिसा." त्याच्यावर मला धड रागावताही आलं नाही.

हॉटेलवर माझा राग आहे, मंडळावर आहे, लॉबीत बसून कॉफी ढवळणाऱ्या आपल्या प्रत्येकावर आहे. आणि काकांवरही आहे, हे लपवत नाही. परवा मी पुन्हा जाऊन बसले होते. काकांची चाल डोंगर उतरत आली. तिमूरची बोटं एकूण एक बरोबर पडत होती. शेवटच्या चढापाशी चाल थांबली. स्पीकरमधून काकांचा श्वास ऐकू आला, आणि नेमक्या त्याच क्षणी तिमूरची छाती भरून वर आली. आता जगातला कुठलाही जाणकार आला, तरी त्याला शंका यायची नाही. स्वतःला पुसून टाकण्याचं कामही काकांनी कच्चं ठेवलं नाही.